नागार्जुन, रससिद्ध

नागार्जुन, रससिद्ध : भारतीय रसविद्येच्या परंपरेतील एक आख्यायिकाप्रसिद्ध आचार्य. पाऱ्यावर संस्कार करून हीन धातूंचे सोन्यात रूपांतर करणारा, जरामरण दूर सारणारे रसायन जाणणारा आणि रसशास्त्रावरील अनेक ग्रंथांचा कर्ता म्हणून तो संस्कृत, प्राकृत, तिबेटी, चिनी व अरबी साहित्यात उल्लेखिला गेला आहे. या उल्लेखांना एकाच ऐतिहासिक व्यक्तीचा आधार मात्र मिळत नाही. सुमारे एक हजार वर्षांच्या काळात निरनिराळ्या प्रदेशांतील निरनिराळ्या व्यक्तींचे कर्तृत्व या एका नावाभोवती गोळा झाले असावे, असे मानणे भाग पडते. त्यामुळे नागार्जुनाचा विचार करताना त्याचे चरित्र सांगण्यापेक्षा त्याच्या नावाचा इतिहास तपासणे अधिक फलदायी ठरते.

व्यक्तीविषयीचा प्रश्न : या नावाच्या निदान चार व्यक्ती वेगळ्या काढता येतात. पहिला, महायान बौद्ध पंथातील माध्यमिक दर्शनाचा प्रवर्तक व मूलमध्यमककारिका या ग्रंथाचा कर्ता. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १५० ते २५० च्या सुमाराचा मानतात. सुहृल्लेख हे त्याचे पद्यमय पत्र परंपरेनुसार एका सातवाहन राजाला उद्देशून लिहिलेले आहे. दुसरा, वैद्यकातील नागार्जुन. बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण याने सुश्रुतसंहितेचा प्रतिसंस्कर्ता म्हणून त्याचे नाव दिले आहे. वृंदाच्या सिद्धयोगात आणि अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात नागार्जुनाने पाटलिपुत्र येथील स्तंभावर लिहून ठेवलेल्या नेत्ररोगावरील अंजनाचा योग आढळतो. चक्रपाणिदत्त लोहशास्त्राचा उपदेशक म्हणूनही त्याला ओळखतो. तिसरा, चौऱ्यांशी सिद्धांतील तांत्रिक नागार्जुन. चौथा, अल्-बीरूनीने उल्लेखिलेला रसायनवेत्ता. सुमारे १०३० मध्ये लिहिलेल्या आपल्या भारतविषयक ग्रंथात अल्-बीरूनी म्हणतो, की सोमनाथाजवळच्या दैहक या किल्ल्यात राहणारा नागार्जुन हा या विद्येतील श्रेष्ठ पुरुष होता, त्याने या विषयाचे सारसर्वस्व असलेला दुर्मिळ ग्रंथ रचला व तो आपल्यापूर्वी जेमतेम शंभर वर्षे होऊन गेला. हे विधान ग्राह्य धरल्यास रसायनवेत्ता नागार्जुन दहाव्या शतकातील ठरतो, म्हणजेच तत्त्वज्ञ नागार्जुनाहून तो सात-आठशे वर्षांनी अलीकडचा होय.

तत्त्वज्ञ आणि रसवेत्ता एकच असणे असंभवनीय वाटते, याचे कारण केवळ कालगणनेत नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत पाऱ्याचा उल्लेख अगदी तुरळक आहे. अष्टांगहृदयातही तो डोळ्यांच्या अंजनासारख्या बाह्योपचारापुरता येतो. पाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारी, स्वतःची उपकरणे व परिभाषा असलेली विद्या रसहृदयतंत्र, रसार्णव अशा ग्रंथांतूनच, म्हणजे दहाव्या ते बाराव्या शतकांच्या सुमारास प्रथम व्यवस्थित रूपात दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात सुवर्णाच्या प्रकारांत ‘रसविद्ध’ असा एक प्रकार दिला आहे हे खरे. पण तेवढ्यावरून पुढील काळातील संपूर्ण विद्या त्या काळी अस्तित्वात होती, असे अनुमान काढता येत नाही.

आख्यायिका : नागार्जुनाच्या कथांचा क्रम लावून पाहिल्यास त्यांत सोन्याचा प्रवेश कसा झाला, हे लक्षात येते. कुमारजीवाच्या नावे असलेल्या, पाचव्या शतकाच्या आरंभीच्या चिनी चरित्रात सोने मुळीच नाही. तेथे तरुण नागार्जुन मित्रांसह अदृश्य होण्याचे औषध मिळवतो व केवळ वासावरून त्यातील सत्तर द्रव्ये ओळखतो. सातव्या शतकात ह्यूएनत्संगाने दक्षिण कोसलात ऐकलेल्या कथेत मात्र सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगरात विहार खोदविण्यास प्रारंभ केला, मध्येच द्रव्य संपले आणि नागार्जुनाने औषधाचे थेंब टाकून शिळांचे सोने केले, असा वृत्तांत येतो. याच कथेच्या उत्तरार्धात त्याच्या रसायनामुळे राजा दीर्घायुषी होतो. राज्याची वाट पाहून कंटाळलेला राजपुत्र नागार्जुनाकडे त्याचे मस्तक दान मागतो आणि तो ते देतो. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात हीच कथा चिरायू राजा, त्याचा पुत्र जीवहर आणि मंत्री नागार्जुन यांच्याविषयी सांगितली आहे. तेथे मर्त्यांसाठी अमृत सिद्ध करू पाहणाऱ्या नागार्जुनाला इंद्र अडवतो.

जैन प्रबंधांनी या कथेला पश्चिम भारताची पार्श्वभूमी दिली. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत (१३०५ च्या सुमारास) नागार्जुन हा वासुकी नागाचा पुत्र व पादलिप्ताचार्यांचा शिष्य आहे. पार्श्वनाथाच्या प्रतिमेसमोर एका पतिव्रतेच्या हातून पारा घोटविला तर तो सिद्ध होतो असे कळल्यावर तो सातवाहनाची राणी चंद्रलेखा हिच्याकडून ते काम करवून घेतो. रस सिद्ध होताच राणीचे पुत्र लोभाने त्याचा वध करतात. अभयदत्ताच्या चौऱ्यांशी सिद्धांच्या चरित्रसंग्रहात नागार्जुन एक पर्वत प्रथम लोखंडाचा व मग तांब्याचा करतो. सोन्याचा करू लागताच मंजुश्री त्याला थांबवतो, कारण सोन्यामुळे लोकांत कलह माजेल. या सर्व कथांत एक समान सूत्र आहे. सिद्धी मिळते, परंतु ती टिकत नाही. सोने व अमरत्व ही दोन्ही फळे हाताशी येऊन निसटतात. रसविद्येचा गौरव करणाऱ्या समाजाला तिच्या अपयशाचाही अनुभव असावा, असे या कथांच्या शेवटावरून वाटते. अल्-बीरूनीने तर सोने करण्याच्या हव्यासापायी राजे कोणत्या थराला जातात, यावर कठोर टीका केली आहे.

नागार्जुनाच्या नावावरील ग्रंथ : रसेंद्रमंगल, कक्षपुट, योगरत्नमाला (आश्चर्ययोगमाला), योगशतक, रसवैशेषिकसूत्र इ. अनेक ग्रंथ त्याच्या नावावर मोडतात. त्यांचे स्वरूप परस्परांहून इतके भिन्न आहे, की ते एकाच लेखणीतून उतरले असे म्हणता येत नाही. रसवैशेषिकसूत्र हे द्रव्यांचे रस, वीर्य, विपाक यांची चर्चा करणारे शास्त्र असून त्यातील ‘रस’ म्हणजे चव होय; पाऱ्याशी त्याचा संबंध नाही. कक्षपुट व योगरत्नमाला हे वशीकरण, अदृश्यता, इंद्रजाल अशा प्रयोगांचे संग्रह होत. योगरत्नमालेवर श्वेतांबर जैन गुणाकर याने १२४० मध्ये विवृती लिहिल्यामुळे त्या ग्रंथाची उत्तर कालमर्यादा निश्चित होते. योगशतक हा औषधयोगांचा आटोपशीर संग्रह आहे. खऱ्या अर्थाने रसशास्त्राचा म्हणता येईल असा या यादीतील महत्त्वाचा ग्रंथ रसेंद्रमंगल हाच होय. मूळच्या आठ अध्यायांपैकी चारच आज उपलब्ध आहेत.

रसरत्नाकराचा प्रश्न : नागार्जुनाच्या नावाशी सर्वांत अधिक जोडला गेलेला ग्रंथ म्हणजे रसरत्नाकर. या प्रसिद्धीचे श्रेय आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांना द्यावे लागेल. हिंदू रसायनशास्त्राचा त्यांनी इंग्रजीत लिहिलेला इतिहास दोन खंडांत, १९०२ व १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या काळात भारतीयांना प्रयोगशील विज्ञानाची परंपराच नाही असे सर्रास म्हटले जाई, त्या काळात हस्तलिखिते धुंडाळून, त्यांतील कृती स्वतःच्या रसायनज्ञानाच्या कसोटीवर लावून हा इतिहास त्यांनी सिद्ध केला. काश्मीरकडील एका हस्तलिखितावरून त्यांनी नागार्जुनाच्या रसरत्नाकराचा परिचय करून दिला व त्याचा काळ सातव्या-आठव्या शतकात ठरविला. त्यात नागार्जुन, शालिवाहन राजा, रत्नघोष व मांडव्य यांचे संवाद आहेत. बारा वर्षे क्लेश सोसलेल्या नागार्जुनावर प्रसन्न झालेली यक्षिणी आहे. सर्व बुद्धांना वंदनही आहे. रॉय यांच्या मते हा महायान पंथाचा तंत्रग्रंथ होता. पुढे पाठ्यपुस्तकांतून, कोशांतून व भाषणांतून रसरत्नाकरकर्ता नागार्जुन हा भारताचा आद्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून स्थिर झाला.

१९८४ मध्ये डोमिनिक व्हुयास्टिक यांनी या विषयावरील हस्तलिखितांची पुन्हा छाननी करून असे दाखविले, की या नावाचा नागार्जुनकृत स्वतंत्र ग्रंथ अस्तित्वातच नाही. रॉय यांच्यासमोरील संहिता मुख्यतः रसेंद्रमंगलाची असून तिला अन्य मजकूर जोडला गेला होता. रसरत्नाकर हे नाव वस्तुतः नित्यनाथ सिद्धाच्या ग्रंथाचे आहे. हा विस्तृत ग्रंथ रसखंड, रसेंद्रखंड, वादिखंड, रसायनखंड व मंत्रखंड अशा पाच भागांत विभागलेला आहे. विशेष म्हणजे आपल्या आधारग्रंथांची गणना करताना नित्यनाथ रसार्णव, रसमंगल व चर्पटी यांच्याबरोबर व्याधिग्रस्तांच्या हितासाठी सांगणारा म्हणून नागार्जुनाचाही निर्देश करतो. म्हणजे नागार्जुन हा नित्यनाथाचा पूर्वसूरी होता. त्याच्या ग्रंथाचा कर्ता नव्हे. रसेंद्रमंगलाचा काळही आता अनेक अभ्यासक रॉय यांनी दिलेल्या काळाच्या पुष्कळ अलीकडे आणतात. बुद्धवंदनेवरून ग्रंथ बौद्ध व म्हणून प्राचीन ठरविणेही धोक्याचे आहे, कारण नागार्जुनाच्या मुखातून ग्रंथ वदविणारा लेखक त्याच्या तोंडी बुद्धवंदन घालणारच.

या संशोधनाने रॉय यांच्या कार्याची थोरवी उणावत नाही. त्यांनी उतरवून घेतलेल्या कृती खऱ्या आहेत. बदलतो तो त्यांचा काळ आणि त्यांचा कर्ता. मात्र प्राचीनत्वाचा मान मिळावा म्हणून कृतींना थोर नाव देण्याची जी रीत मध्ययुगात होती, तीच अर्वाचीन काळात राष्ट्राभिमानाच्या रूपाने पुन्हा कार्य करू शकते, हा धडा यातून मिळतो.

रसविद्येचे स्वरूप : कर्ता कोणीही असो, या ग्रंथांतील क्रिया प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या आहेत. पाऱ्यावर करावयाचे अठरा संस्कार स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, बोधन, नियमन व दीपन या आठांपासून सुरू होतात. औषधासाठी हे आठ पुरेसे मानतात. त्यांपुढील जारण, रंजन, सारण, क्रामण, वेध इ. संस्कार धातुवेधासाठी व देहसिद्धीसाठी आहेत. पारा व गंधक खलात घोटून काळी कज्जली होते. ती वालुकायंत्रात तापविली असता कुपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर जमतो. रासायनिक दृष्ट्या दोन्ही पाऱ्याची सल्फाइडेच होत. पाऱ्याचे खनिज हिंगूळ भारतात जवळजवळ आढळत नसल्यामुळे पारा व हिंगूळ ही परदेशांतून येणारी मोलाची द्रव्ये होती. पातनाने पारा शुद्ध करण्यावर रसवाद्यांचा जो भर दिसतो, त्याला दैवी हेतूंबरोबर हे व्यावहारिक कारणही असावे, कारण पाऱ्यात शिसे व कथील मिसळून विकले जात असे. त्यांनाच रसग्रंथांत नाग व वंग हे दोष म्हटले आहे.

सोने करण्याच्या कृतींचाही उलगडा होतो. रसक म्हणजे जस्ताचे खनिज तांब्याबरोबर आवटवले असता तांबे सोन्यासारखे पिवळे होते, असे नागार्जुनाच्या नावाने सांगितले आहे. या कृतीत सोने होत नाही, पितळ होते. पाऱ्यात सोने विरघळवून तो लेप धातूच्या भांड्यावर चढविला व तापवून पारा उडविला, तर सोन्याचा पातळ मुलामा उरतो. अडाण्याला तो धातुवेधच वाटेल. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रसकापासून कथलासारखे ‘सत्त्व’, म्हणजे जस्त, काढण्याची कृती होय. तेराव्या-चौदाव्या शतकातील रसरत्नसमुच्चयात ती स्पष्टपणे दिली आहे. जस्त ९०७° से. तापमानास वायुरूप होते व हवेत लगेच जळते. म्हणून बंद मुशीतून त्याची वाफ खाली नेऊन थंड करावी लागते. राजस्थानातील झावर येथे याच तत्त्वावर मोठ्या प्रमाणात जस्त काढले जात होते, असे उत्खननांनी सिद्ध केले आहे. सोन्याच्या शोधातून हाती आलेले हे ज्ञान सोन्याहून कमी मोलाचे नव्हते.

रसरत्नसमुच्चयाचे कर्तृत्वही या चर्चेच्या दृष्टीने बोधप्रद आहे. तो सिंहगुप्ताचा पुत्र वाग्भट याच्या नावावर आहे. परंतु अष्टांगहृदयाचा कर्ता असलेला वाग्भट त्याच्या कित्येक शतके आधीचा असल्यामुळे हेही उसने घेतलेले नाव होय. ग्रंथारंभीच्या सत्तावीस रससिद्धांच्या नामावळीत नागार्जुन आहेच, मांडव्यही आहे.

महाराष्ट्रातील परंपरा : नागार्जुनाच्या कथेतील राजा सातवाहन असल्यामुळे महाराष्ट्राशी तिचा दुवा स्वाभाविकपणेच जुळला. विदर्भात रामटेकजवळची एक टेकडी नागार्जुनाच्या नावाने ओळखली जाते. दक्षिण महाराष्ट्रात कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी सातवाहनकालीन असली, तरी तेथे नागार्जुनाची कथा जोडण्यास आधार नाही. या भागात रससिद्धांची स्मृती टिकली ती नाथ संप्रदायाच्या द्वारे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे गोरक्षनाथाचे, वाळवे तालुक्यातील मच्छिंद्रगडावर मच्छिंद्रनाथाचे आणि विट्याजवळ रेणावी येथे रेवणसिद्धाचे स्थान आहे. शके १७४१ (१८१९) मध्ये पूर्ण झालेल्या धुंडिसुत मालू कवीच्या नवनाथ भक्तिसार या ओवीबद्ध ग्रंथात रेवणनाथाची कथा विटे गावाशीच जोडलेली आहे. सातारा-सांगलीकडील खेड्यांतून या पोथीची पारायणे परंपरेने होत आली आहेत.

गोरक्षसिद्धांतसंग्रहातील एका नवनाथ-गणनेत नागार्जुनाचे नाव येते. मालू कवीच्या नवनाथांत ते नाही. पण तेथे चर्पटी आहे, आणि सोन्याची कथाही आहे. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथाने झोळीत सोन्याची वीट लपविली होती. गोरक्षनाथाने ती फेकून दिली आणि गुरूला शोक अनावर झाला, तेव्हा अख्खा पर्वतच सोन्याचा करून दाखविला. अभयदत्ताच्या ग्रंथातील नागार्जुनाच्या पर्वतकथेशी या कथेचे साम्य उघड आहे. दोन्हीकडे सोने करता येणे ही सिद्धाची पायरी आहे. ते टाकता येणे ही त्याची सिद्धी आहे. रसग्रंथांतील कृती ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचल्या नाहीत, अशा श्रोत्यांपर्यंत रसविद्येचा हा नैतिक आशय पोथीने पोहोचविला.

ग्रंथांच्या मुद्रणातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रसरत्नसमुच्चय पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत १८९० मध्ये छापला गेला. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी मुंबईहून आयुर्वेदीय ग्रंथमालेत रसहृदयतंत्रादी ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशित केले. यामुळे एरवी गुरुमुखातून व हस्तलिखितांतून मर्यादित राहिलेली विद्या वैद्यांच्या सर्वसाधारण व्यवहारात आली व आयुर्वेद महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात रसशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून रुजली.

यूरोपातील समांतर उदाहरण : थोर नावाखाली ग्रंथ प्रचारात आणण्याची ही पद्धत केवळ भारतीय नाही. आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर तेराव्या शतकाच्या अखेरीस लॅटिन ग्रंथ रचले गेले. प्रबोधनकालीन यूरोपातील बासिल व्हालेंटीन याचे उदाहरण तर नागार्जुनाशी फारच जुळते. तो पंधराव्या शतकातील बेनेडिक्टिन पंथाचा जर्मन साधू असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्याचे ग्रंथ १५९९ पासून योहान ट्योल्डे या मिठागरांच्या व्यवसायाशी संबंधित गृहस्थाने प्रसिद्ध केले. १६०४ मध्ये निघालेला त्याचा अँटिमनीवरील ग्रंथ औषधनिर्मितीच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. परंतु या साधूचा समकालीन पुरावा कोठेही मिळत नाही आणि ग्रंथांतील काही गोष्टी पंधराव्या शतकात ठाऊक असणे शक्यच नाही. तरीही त्यांतील प्रयोग अनेक ठिकाणी अचूक आहेत. लेखक काल्पनिक व प्रयोग खरा, हा विरोधाभास दोन्ही परंपरांत सारखाच आढळतो. प्रयोग करणाऱ्याला स्वतःच्या नावावर श्रोता मिळत नव्हता, हे त्याचे मुख्य कारण दिसते.

मूल्यमापन : नागार्जुनाच्या कर्तृत्वाचा प्रश्न केवळ ग्रंथालयापुरता नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९६४ मध्ये आयुर्वेदीय औषधांसंबंधी तरतुदी घालण्यात आल्या. त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची नावे असून त्यांत रसरत्नसमुच्चयाचा समावेश आहे. अनुसूचीतील ग्रंथांत दिलेले योग त्या ग्रंथांच्या आधारावर तयार करता येतात. दुसरीकडे औषध नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत पारा व हिंगूळ यांचीही नोंद आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शोधन-मारणाने द्रव्याचा विषारीपणा जातो, असे रसवैद्य म्हणतात. ते कितपत जातो हे प्रत्येक कल्पाच्या रासायनिक व वैद्यकीय परीक्षणाने ठरावयाचे असते. अशा वेळी ‘नागार्जुनोक्त’ हे विशेषण पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते विशेषण कसे लागले याचा इतिहास आता ज्ञात आहे.

खुद्द रसग्रंथांची भूमिकाही याहून वेगळी नाही. तेराव्या शतकातील रसप्रकाशसुधाकर या ग्रंथाचा कर्ता यशोधर आपण स्वतः करून पाहिलेल्या कृती तशा नमूद करतो. ऐकीव गोष्टींवर त्याचा भर नाही. भट्टीपुढे बसून मुशीतील ज्वाळेचा रंग पाहणाऱ्या, फसलेला प्रयोग पुन्हा करणाऱ्या अशा अनेकांची नावे काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांचे श्रम नागार्जुन या एका नावाखाली टिकून राहिले. ते नाव ऐतिहासिक व्यक्तीचे म्हणून सोडून द्यावे लागले, तरी त्यामागील अनामिकांची परंपरा ऐतिहासिक आहे, आणि भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात तिचे स्थान निश्चित आहे.